आवारापलीकडचा माठ

घरी नवा माठ भरला. त्या ओल्या मातीच्या वासाने कंधारचं आमचं जुनं कार्यालय आठवलं. तिथे माठ आवारापलीकडे, कडुलिंबाखाली होता. तहान लागली की आपोआप चालणं व्हायचं. नव्या इमारतीत पाणी टेबलाशी आलं, आवारात गाड्या लागल्या. शुगर असलेले गोविंदराव मग जिनाच चढू-उतरू लागले.

साहेब ओरडले, "गोविंदराव, जागा सोडून कुठं फिरून राहिलात?"

"पाय बधिर होऊन राहिलाय, साहेब."

"मग बसा की!"

सगळे हसले. गोविंदराव बसले. पुढे तो पाय कापावा लागला.

आता शुगर मलाही आहे आणि दिवसभर बसणंही तेच. परवा चपलेतला खिळा वर आला. रक्त बायकोला दिसलं. मला दुखलंच नाही.