शेजारचा ओटा

नगरपालिकेत पेठेच्या विकासाचं काम मला मिळालं, त्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "या कामाला लागणारे कोणते गुण तुमच्या अंगी आहेत?" मी पेणहून एसटीत पाठ करतच आले होते. नेतृत्व, वक्तृत्व, संघटन. चौथा गुण नागोठण्याजवळच्या खड्ड्यात कुठेतरी पडला, तो काही आठवेना. म्हणून नुसती हसले. साहेबांना वाटलं, हसतमुखपणा हाच चौथा. नोकरी लागली.

तेव्हाची मी म्हणजे कडक इस्त्रीची साडी, आणि चार बायका एकत्र दिसल्या की "भगिनींनो".

रोह्याच्या पेठेत आगोटीला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायच्या दिवसांत, रस्त्याच्या कडेला बायका बसत. खाडीकडच्या मीठ नि सुकी मासळी आणत, वरच्या गावांतल्या वाल नि तांदूळ. रस्ता रुंद होणार होता. बायकांसाठी नवी मंडई तयार होती. मधे भिंत, एका अंगाला धान्याचे ओटे, दुसऱ्या अंगाला मिठामासळीचे. पावसाळ्याआधी बायकांना आत बसवायचं, एवढंच माझं काम. नाही बसल्या तर रस्त्यावरून उठवणार आणि ओटे दुसऱ्यांना देणार. मला ती आखणी इतकी नीटनेटकी वाटली की मी त्या भिंतीवरही दोन वाक्यं बोलले.

बायकांनी भाषण ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर बसल्या. मंडईत कुत्री झोपली.

मी पुन्हा समजवायला गेले. एक म्हातारी मीठवाली म्हणाली, "उभ्यानं नको बोलू गो, मान दुखते आमची. खाली बस."

मी रुमाल अंथरला.

"साडी खराब हुईल म्हनून व्हय?"

"नाही, नाही. होऊ दे खराब."

"मंग त्या रुमालानं काय केलंय?"

शेजारची वालवाली पदर तोंडाला लावून हसली. मी रुमाल उचलला.

अशी बसायला लागले तेव्हा एक गोष्ट दिसली. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी वालवाली ओंजळभर वाल मीठवालीच्या पदरात घाली. मीठवाली मूठभर मीठ पानावर ठेवून पान पुढे सरकवी, कारण मीठ कुणाच्या हातात देत नाहीत. ही त्यांची भवानी. ती झाल्याशिवाय दोघींपैकी कुणी काही विकायची नाही. यांच्या सासवाही अशाच शेजारी बसत. सगळा रस्ताच अशा जोडीजोडीने बसलेला होता.

"भित मधी आली तर भवानी कशी करू?" वालवाली म्हणाली. "पाटी उघडी टाकून पल्याड जाऊ?"

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"तुजं बोलनं चांगलं रंगलं व्हतं," मीठवाली म्हणाली. "मधी कशाला तोंड घालू?"

साहेबांकडे गेले. ओटे जोडीने द्या म्हटलं. "बाई, मंडई आहे की भातुकली?" ते म्हणाले. जिन्यात येऊन रडले. रडताना साडीची घडी मोडणार नाही एवढी काळजी मात्र घेतली. दुसऱ्यांदा भाषण तयार करून गेले, तर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग भाषण सोडलं. रोज त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. तिथून पेठेत दुकानादुकानात. "आली मिठाची वकिलीण," दुकानदार म्हणत, आणि वर चहा पाजत. पित्त खवळेपर्यंत चहा प्याले. दुकानांपुढची जागा मोकळी व्हावी ही त्यांचीही गरज होती. शेवटी दुकानदारच साहेबांशी बोलले. भिंत राहिली, पण दोन्ही अंगांना ओटे जोडीजोडीने मिळाले. पाऊस लागायच्या आत बायका आत आल्या.

"सावली बरी हाय," मीठवाली ओटा चाचपत म्हणाली. तेव्हाच तिला खोकला लागलेला होता. आगोटीचे उरलेले बाजार तिने केले.

श्रावणात ती गेली. खाडीकडच्या दुसऱ्या बाईने बाजारात सांगितलं. सून डोलवीला ठेकेदाराकडे कामाला लागलेली, मिठाची पाटी घेणारं घरात कुणी उरलं नाही.

वालाचा नवा हंगाम आला. वालवाली आपल्या ओट्यावर बसली आणि शेजारच्या ओट्यावर तिने रिकामं गोणपाट पसरून ठेवलं. कुणी विचारलं की म्हणे, "हाय मानूस." एका बांगडीवाल्याने अर्ज केला. नियमाप्रमाणे ओटा रिकामा ठेवता येत नव्हता. साहेब म्हणाले, नोटीस पाठवून द्या. मी म्हटलं, नको, मी सांगते.

मुलाखतीत तो प्रश्न आज कुणी विचारला तर मी एवढंच सांगेन, की असलं सांगायला आपल्या पायांनी जाता आलं पाहिजे. मी गेले, पण पेठेतून दोन फेऱ्या मारून मग.

तिच्या पुढ्यात खाली बसले आणि सांगितलं. तिने गोणपाट काढलं, झटकलं, चार घड्या घातल्या.

"रस्त्यावर असतो तर तिची जागा कोनाला देता आली नसती," ती म्हणाली. रागाने नाही. भाव सांगावा तशी.

 

"मंग माजाबी दे कोनाला," ती म्हणाली.

"असं नको करू. तुझे वाल?"

"घरला येतात यापारी. थोडं कमी देतात."

तिने पाटीतल्या वालाच्या गोणीचं तोंड बांधलं, डोईवर चुंबळ ठेवली आणि वाकून पाटीची एक कड धरली. दुसऱ्या कडेला हात लावायला कुणीतरी हवं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही, नुसती तशीच वाकून राहिली. मी उठले आणि हात लावला. पाटी मला वाटली होती त्याहून कितीतरी जड होती. ती सरळ उभी राहिली, मान सावरली आणि नदीपल्याडच्या अष्टमी गावाला जाणाऱ्या पुलाकडे चालू लागली.

बांगडीवाला दाराशी उभाच होता. दोन्ही ओटे मोकळे झालेले पाहून त्याने विचारलं, "बाई, दोन्ही मिळतील का?"

मी म्हटलं, "अर्ज करा."