सगळ्यांच्या मागे मल्लूअण्णा

मल्लूअण्णांच्या सायकलची चेन दर चढाला उतरायची. सपाटीवर कधी नाही, उतारावर कधी नाही. चढ लागला आणि पुढचा माणूस धापा टाकायला लागला, की मागून अण्णांची हाक यायची, "थांब रं जरा, चेन उतरली." मग ते खाली उतरून, उकिडवे बसून खुडबुड करायचे. पुढच्या माणसाचा श्वास जागेवर आला, की चेनही जागेवर बसायची.

हे माझ्या लक्षात आलं ते मी नोंदी ठेवायचे म्हणून. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, आणि आमच्या सायकल गटाची व्यवस्था आठ वर्षं माझ्याकडे होती. कोण येणार, कुठे थांबायचं, नाश्ता कुठे, जादा ट्यूब किती, सगळं एका वहीत असायचं. माझ्या पहिल्याच सहलीत, पन्हाळ्याच्या चढावर, अण्णांची चेन सहा वेळा उतरली. वर पोचल्यावर मी त्यांना म्हटलं, "अण्णा, चेन बदलून घ्या, सैल झालीय."

"चेन झ्याक हाय की," ते म्हणाले. "तुमी सैल झालता."

अण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे. कागलच्या एमआयडीसीत टर्नर होते. उचगावच्या घरातून कारखान्यात रोज सायकलनं जायचे आणि सायकलनंच परत यायचे, तेही तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर पायांना चैन पडेना म्हणून आमच्यात आले. बाकीच्यांच्या गिअरच्या सायकली, अण्णांची काळी, जड, चोवीस इंची. कॅरियरला पत्र्याचा डबा बांधलेला असायचा. त्यात पंक्चरचं सामान, दोन लिंबं आणि अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बांधून दिलेली भडंगाची पुडी. गळ्यात पितळेची शिट्टी. ती त्यांनी स्वतः लेथवर घडवली होती आणि तिचा आवाज बाजारातल्या शिट्टीसारखा किरटा नव्हता. जाड, घोगरा, बोटीच्या भोंग्याच्या जातीचा. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की पंक्चर, तीनदा वाजली की सगळ्यांनी मागे या. तीनदा ती कधी वाजली नव्हती.

त्यांची जागा ठरलेली होती, सगळ्यांच्या मागे. "पुढं कोण बी जातंय," असं ते म्हणायचे, "मागं ऱ्हायाला दम लागतोय." एकदा तुळशीच्या तलावाकडे जाताना धुकं होतं आणि एकजण मागे अडकला. पुढचे तिघं-चौघं तलावाच्या काठावर पोचून फोटो काढत होते. त्याला रस्त्याकडेला बसवून अण्णा पुढे आले आणि त्यांनी सगळ्यांना झाडलं. "मागं एक जरी ऱ्हायलं तरी आपुन पोचलो न्हाय. फोटू कसला काढताय? वळवा सायकली." सगळे वळले. मीही वळले, कारण वहीतली वेळ चुकत होती तरी माणूस बरोबर बोलत होता.

वहीवरून ते माझी फार थट्टा करायचे. "ताई, वारा कुठनं येणार ते लिवलंय का ह्यात?" पहिल्या यादीत मी त्यांचं नाव पंधरावं लिहिलं होतं. त्यांनी माझ्या हातातून पेन घेऊन ते खोडलं. "मला मोजू नका. मी दिसलो की वही मिटायची. माझ्या मागं कोण नसतंय." मला ते सोयीचं वाटलं. यादीत चौदा नावं राहिली. पुढे पुढे मी त्यांची वाट बघणंही सोडलं. चौदावं नाव आलं की दोन मिनिटांत अण्णा येतातच, असं धरून मी चौदाव्या खुणेवरच वही मिटू लागले. आठ वर्षांत एकदाही ते चुकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, आम्ही राधानगरीला मुक्काम करून सकाळी दाजीपूरच्या वाटेला लागलो. तिथे रस्ता जलाशयाच्या काठाकाठानं जातो. पाणी डोंगराच्या खाचेत शिरलं की रस्ताही आत वळतो आणि पलीकडून बाहेर येतो. आमचा नाश्ता अशाच एका खाचेच्या पलीकडच्या टपरीवर सांगितलेला होता. रस्त्यानं मागचं वळण दोन किलोमीटर लांब, पण पाण्यावरून सरळ बघितलं तर हाकेच्या अंतरावर. त्या सकाळी मात्र बघता येत नव्हतं. पाण्यावर धुकं पडून होतं.

चौदावा प्रकाश होता. शाळेत शिक्षक, अंगानं भारी, चढाला नेहमी शेवटी. तो आठ वीसला आला. मी खूण केली. "अण्णा?" कोणीतरी विचारलं. प्रकाश हसून म्हणाला, "चेन उतरलीय त्यांची. मला म्हणाले, तू हो पुढं." सगळे हसले. अण्णांनी आजवर कुणालाही "तू हो पुढं" म्हटलेलं नव्हतं. हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

थोड्या वेळानं पाण्यावरून शिट्टी आली. सलग तीनदा. चहाचा कप हातात घेतलेला प्रकाश थांबला. "शिट्टी वाजली का?"

मी वही बघितली. चौदा नावं, चौदा खुणा. "सगळे आलेत," मी म्हटलं. "गुराखी असेल कुणी. पोहे गार होतायत."

ती पुन्हा तीनदा वाजली, या वेळी हळू. मग वाजली नाही.

नऊ वाजून पाच मिनिटांनी टपरीवाल्यानं विचारलं, "पावणं, ही एक डिश कुणाची ऱ्हायली?" पोहे मी पंधरा सांगितले होते. नाश्त्याच्या यादीत अण्णा होते.

ते मागच्या वळणावरच्या दगडाला टेकून, पाण्याकडे तोंड करून बसले होते. सायकल नीट स्टँडवर लावलेली. शिट्टी मुठीत. हात अजून ऊन होता. प्रकाश सायकलजवळ उभा राहून नुसता चेनकडे बघत होता. चेन जागेवर होती.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, बसल्या जागी गेले असतील. ते वाक्य सगळ्यांनी उचललं आणि गावभर तेच सांगितलं. शिट्टीबद्दल कोणी बोललं नाही. प्रकाश मला एवढंच म्हणाला, "अक्कांना काही सांगू नका. त्यांना काय उपयोग?"

दिवसकार्य झाल्यावर मी डबा आणि शिट्टी परत द्यायला उचगावला गेले. अक्कांनी डबा उघडला. भडंगाची पुडी दोरा न सोडता तशीच होती. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"बसल्या जागी गेले म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "कळलं बी न्हाय त्यास्नी. व्हय की, ताई?"

"हो" तोंडात तयार होतं. वही पिशवीत होती.

"नाही, अक्का," मी म्हटलं. "त्यांनी शिट्टी वाजवली. तीन-तीन वेळा, दोनदा. मी ऐकली. माझ्या यादीत सगळे आले होते, म्हणून मी कुणाला उठू दिलं नाही. पाऊण तास गेला."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "त्येंची शिट्टी तुमास्नी म्हाईत न्हवती?"

"माहीत होती."

"मग?"

"मी वही बघितली."

अक्कांनी पुडी परत डब्यात ठेवली. मग त्या हळू आवाजात, मला नव्हे, डब्याला सांगावं तशा बोलल्या. "जलमभर कदी म्हटलं न्हाय, हात दुखतोय, पाय दुखतोय. ताप आसला तरी डूटीवर. मला वाटलं, मरताना बी कुणाला बोलवलं नसंल." त्यांनी झाकण लावलं. "बोलवलं म्हणायचं."

मी उठले. त्या घरातून मी पहिल्यांदाच चहा न घेता निघाले. दारात अक्कांनी शिट्टी माझ्या हातावर ठेवली. "ही न्या. घरात कोण वाजवतंय? तुमच्या गळ्यात ऱ्हाऊ द्या, म्हंजे ध्यानात ऱ्हाईल."

ध्यानात आहे. गट मोडला नाही, फक्त चौघं कमी झाले. वही आता प्रकाशकडे असते आणि यादीत माझं नाव पहिलं असतं, कारण मी सगळ्यांच्या मागे असते. मागून चालवायला लागल्यावर कळलं की तिथून फक्त पाठी दिसतात. कोणी मागे वळून बघत नाही. आपण आहोत, असं सगळ्यांनी धरलेलं असतं.

चढावर प्रकाश अजूनही धापा टाकतो. मी खाली उतरते आणि म्हणते, "थांबा जरा, चेन उतरली." तो थांबतो. सायकल आडवी टाकून माझ्याकडे चालत येतो, वाकून चेन बघतो. ती जागेवर असते, हे त्यालाही माहीत असतं. मग तो सरळ उभा राहून माझ्या तोंडाकडे नीट बघतो. मी "ठीक आहे" म्हटल्याशिवाय सायकलकडे जात नाही.