कंपनीचे कोट आणि आमचं मशीन

सन १९०९. मला बाविसावं सरलं होतं. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तरांनी छडी उगारली, ती मी त्यांच्या हातातून घेऊन मोडली, आणि तिथंच माझं शिक्षण आटोपलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पुढं शिकलेली माणसं जवळून बघायला मिळाली, तेव्हा तर मुळीच नाही.

आम्ही शिंपी. वडील गेले तेव्हा मागं राहिलो आम्ही दोघे भाऊ, आई आणि एक कात्री. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी थोरला. देवळाच्या महाद्वाराच्या अलीकडं एका बोळात आमची फळी टाकण्यापुरती जागा होती. तिथं चार वर्षं हातानं शिवून, डोळे फोडून, आम्ही पायानं चालवायचं मशीन घेतलं. बोळातलं पहिलं मशीन. ते आलं त्या दिवशी आईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि मी त्याच्या तीन सुया मोडल्या. दादा हसला नुसता. तेव्हाचा दादा तसा होता.

त्याच सुमारास गावात कपड्यांची कंपनी निघाली. शिवून तयार असलेले कोट, टोप्या, जाकिटं. काचेची कपाटं, दारावर पितळेची अक्षरं. गावातल्या वजनदार लोकांनी दहा-दहा रुपयांचे शेअर काढले आणि लोकांनी ते कागद चौकटीत घालून देवाशेजारी टांगले. दोन वर्षं गेली. काचा रोज पुसल्या जात, पण आतला कोट काही बाहेर पडेना. दुकानातले नोकर दारात उभे राहून जांभया देत. दहाचा शेअर दोनला मिळायला लागला. आणि आमच्या लोकांची अक्कल बघा! दहाला होता तेव्हा ज्यांनी त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही, त्यांना तो दोनला हवासा झाला. हीच माणसं पैशाला दोन मिळणारी वांगी दहा वेळा उलटीपालटी करून, कीड बघून घेतात.

दादालाही तेच लागलं. "दहाची वस्तू दोनला मिळतीया," एवढंच दिवसभर. कागलच्या एका शिंप्याला त्यानं मशीन द्यायचं कबूल करून टाकलं. सोमवारी सकाळी तो गाडी घेऊन येणार होता. मशीन विकायचं, शेअर घ्यायचे, भाव चढला की एकाची दोन मशीनं आणायची. मी म्हणालो, न्हाई. आमच्या घरात थोरल्याला न्हाई म्हणायची चाल नव्हती. आईनं पदर तोंडाशी धरला. तीन दिवस घरात भांडण. शेवटी दादाच म्हणाला, "वकीलसाहेबांस्नी इचारू. त्ये नगं म्हणले तर मशीन ऱ्हाईल."

हे वकील आमचं जुनं गिऱ्हाईक. दसऱ्याच्या कोटाचं कापड त्यांनी माझ्याकडं टाकलं होतं आणि माप द्यायचं राहिलं होतं. रविवारी तिसऱ्या प्रहरी मी टेप घेऊन गेलो, दादा मागून आला. सोप्यात आधीच एकजण बसलेला. गुळाचा आडत्या, सगळे त्याला आप्पा म्हणत. मूळचा कानडी मुलखाकडचा लिंगायत, पैसेवाला, आणि तोही हेच विचारायला आलेला.

मी वकिलाच्या छातीभोवती टेप धरून उभा, आणि त्यांचं चाललेलं.

"दुकान बुडालं तरी माल कुठं जातो?" वकील म्हणाले. "तीनशे कोट आहेत आत. नुसत्या कापडाची किंमत लावा. दोन रुपयांच्या शेअरमागं चारचं कापड पडलंय."

आप्पा मिशीत हसले. "कापड हाय वो. पण घेणार कोण? दोन वर्सं झाली, माशा बी आत जाईनात."

"आप्पा, फॅशन ही अशीच येते. आज पुण्यात, उद्या इथं. तुमचा बाप कोट घालायचा का? तुम्ही घालताय ना?"

"मी बायकोनं दिला म्हणून घालतोय."

दादा खाली बसून तोंड उघडं टाकून ऐकत होता. मला राहवलं नाही. टेप तसाच गळ्यात टाकून मी म्हणालो, "साहेब, त्यो कोट एकदा बघू द्या की."

वकिलांकडं नमुन्याचा एक होता. आतून आणवला. काळा, चकचकीत. मी हातात घेतला आणि मला कळलं. मुंबईच्या कारकुनाच्या मापानं कापलेला. छाती चिमटीतली, आणि मुंढा, म्हणजे काखेत बाही जोडायची गोलाई, इतका आवळ की माझं मनगट त्यात अडकलं. आणि आमचं गाव कसलं? महाराजांना कुस्तीचं वेड, गल्लीगल्लीत तालीम. मिसरूड न फुटलेलं पोरही पहाटे उठून जोर मारतं. दंड असे, मान अशी. या कोटात गावातलं शिरणार कोण?

तेवढ्यात दारात म्हैस आली. बावड्याचा गवळी रोज म्हैस घेऊन दारापुढं येई आणि समोर धार काढून दूध देई. तालमीतला गडी. मी हाक मारली, "ए पावणं, जरा इकडं या. ह्यो कोट घाला."

"कोट घालून धार काढू व्हय?" तो म्हणाला. "म्हस लाथ मारंल की मला. म्हणंल, ह्यो कुठला सायब आला."

आप्पा खो खो हसले. गवळ्यानं एक हात घातला, दुसरा कोपरापर्यंत गेला, आणि त्यानं खांदा जरा उचलला मात्र, पाठीची शिवण टर्रकन गेली. वकील उठून उभे राहिले. "अरे, अरे! मग सैल करून घ्या ना! त्यात काय?"

मला तेच हवं होतं. आम्ही शिंपी शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडतो. माया म्हणतात त्याला. माणसाची छाती भरली, पोट सुटलं, की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर घ्यायचं आणि पुन्हा शिवायचं. माझ्या वडलांचे कोट बापाच्या अंगावरून लेकाच्या अंगावर गेलेत. मी कात्रीच्या टोकानं कोटाची कुशीकडची शिवण उसवली आणि तिघांपुढं धरली. आत माया नव्हती. जवाएवढी कड, बस. कापड वाचवायला कारखान्यानं काठाकाठानं कापलेलं.

"ह्ये तुमचं चार रुपयांचं कापड," मी म्हणालो. "आता ह्येचं एका माणसाला काय हुईल? पोराची टोपी हुईल. तीनशे कोटांच्या टोप्या शिवा."

गवळी म्हशीखाली बसून म्हणाला, "शिंपीदादा, मला अंगाला यील असा एक कोट शिवा की. दूध घाला म्हणाल तेवढं घालतो."

मी छाती काढून उभा. खोटं कशाला सांगू, मला फार भारी वाटलं होतं. दुसरी शिकलेल्यानं वकिलाला गप्प केलं होतं! त्या ऐटीत मी दादाच्या तोंडाकडं बघितलंच नाही. तेवढी एक माझी चूक.

वकिलांनी चहा मागवला. पेला खाली ठेवला आणि अगदी गोड आवाजात दादाकडं वळले. "तू काय ठरवलंस? हे बघ, तू जुना माणूस. बाजारात दोनचा भाव आहे, पण माझ्याकडं माझे पन्नास शेअर आहेत. तुला दीडनं देईन. तुम्ही कारागीर माणसं, उद्या कंपनी तुमच्यावाचून चालायची नाही."

हे कोटाच्या चिंध्या समोर पडलेल्या असताना! मघाशी बाजाराचं ज्ञान सांगणारा हा माणूस स्वतःचेच कागद गळ्यात मारायला बसला होता. मी आप्पांकडं वळलो. "आप्पा, दीडनं तुमीच घ्या की मग. तुमी तर घ्यायलाच आलाय."

आप्पांनी वकिलांकडं बघितलं. त्यांचा जमिनीचा एक दावा वकिलांकडं होता, ते सगळ्या गावाला ठाऊक. आप्पा कोट झटकून उठले. "माझे पैसे सध्या गुळात अडकल्यात बघा. पण घे रे शिंप्या, घे," ते दादाला म्हणाले. "वकीलसाहेब तुझं वाईट सांगतील व्हय?" आणि जाता जाता माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला. वकिलाचं खोटं बोलणं एक वेळ मी विसरेन, तो बारीक केलेला डोळा नाही.

"दादा," मी म्हणालो, "बघितलंस न्हवं?"

दादा उठला. कानशिलं लाल झालेली. "बघितलं. चार माणसांत थोरल्या भावाला शाणपण शिकवणारा बी बघितला. धाकट्यानं सांगितलं म्हणून मी मागं सरू? गावात तोंड कुठं दाखवू?" आणि वकिलांना म्हणाला, "घेतो, साहेब. उद्याच्याला पैसं आणतो."

त्याला सगळं कळलं होतं, हेच तर. कागदात काही नाही हे माझ्याइतकंच त्याला कळलं होतं, पण ते माझ्या तोंडून निघालं होतं. कंपनीला पुढच्या शिमग्याआधी कुलूप लागलं. कोट एका तमाशाच्या फडानं वजनावर नेले आणि नाच्यांच्या अंगावर ते छान बसले म्हणे. दादानं त्या पन्नास कागदांचं नाव पुन्हा घरात काढू दिलं नाही.

पण ते पुढचं. त्या सोमवारी सकाळी कागलची गाडी आली. दादाला एकट्याला मशीन उचलेना. मी फडकं घेतलं, मशीन पुसलं, तेल घातलं आणि दुसऱ्या बाजूनं हात लावून गाडीवर चढवलं. मग वकिलाचं दसऱ्याचं कापड काखेत मारून त्यांच्या दारात गेलो. ते ओसरीवर राखुंडीनं दात घासत होते. घडी न मोडलेलं कापड मी त्यांच्या पायाशी ठेवलं.

"हे काय रे? शिवणार नाहीस?"

"न्हाई," मी म्हणालो. "कंपनीतनं घ्या. तीनशे हायत."

तिथून फळीवर आलो. जिथं मशीन होतं तिथं जमिनीवर चार पायांचे चार डाग राहिले होते. त्यांच्या मधोमध मी मांडी घातली, सुईत दोरा ओवला आणि गवळ्याचा कोट हातानं शिवायला घेतला. आत तीन बोटं माया सोडली.