एडनला धाडलेले बोंबील

माझा दादला अनंता. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून नाक मुरडू नका, या वयात लाजायला मला सवड न्हाय.

अठ्ठावन्न साली तो अरबस्तानातल्या एडनला गेला. कशाला, तर बंदरावरच्या कारखान्यात बोटीचं इंजिन शिकायला. वर्षभर बिनपगारी उमेदवारी!

"फुकटच राबायचं तर आपल्या रेवसला काय कमी हाय?" मी म्हटलं.

"केसर, शिडाचे दिवस सरले. वर्ष पुरं केलं की कागद मिळतो. कागद असला की इंजिनाची होडी चालवायला डायवर म्हणून कोणीबी घेईल."

पगार न्हाय, मग खाणार काय? तिथं मुरूडची एक विधवा राहायची, कृष्णाबाई. तिनं याला राहायला कोपरा दिला, दोन वेळचं जेवण दिलं. बदल्यात दर महिन्याला गावाकडची सुकी मासळी पाहिजे. तिथल्या आपल्या माणसांना ती विकायची. म्हणून मी वलांडीच्या बांबूंवर बोंबील टांगून सुकवायची, रॉकेलच्या डब्यात भरायची आणि लाँचनं भाऊच्या धक्क्याला नेऊन अंबाजीकडे द्यायची. अंबाजी माझा भाऊ, एडनच्या बोटीवर खलाशी.

पत्रं यायची. शाळेचे मास्तर चारचौघांत वाचायचे. "कृष्णाबाईंच्या हातचं बोंबलाचं कालवण खाल्लं, बोटं चाटत राहिलो." अगं बाई! उन्हात करपून बोंबील मी सुकवायचे, आणि बोटं हिच्या कालवणाची चाटायची? पुढच्या पत्रात, "कृष्णाबाईंनी सदऱ्याला बटणं लावली." बाया पदराआड हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सासू म्हणाली, "परमुलखात पोराला कोणीतरी बघतंय, बरं न्हाय का?"

बरं? मला त्या बयेची मान मुरगळावीशी वाटत होती.

सातव्या महिन्यात मी बोंबील दोन दिवस आधीच वलांडीवरून काढले. आत ओले, हाताला मऊ. तसेच डब्यात कोंबले आणि झाकण ठोकून बसवलं. कर म्हटलं आता कालवण! अनंताचा विचार मनात आला न्हाय असं न्हाय. आला. पण त्याच्याबी नाकात जरा वास जाऊ दे, असं वाटलं.

दोन महिन्यांनी तो दारात उभा. नुसती हाडं. गिऱ्हाइकांसमोर डबा उघडला तर आत सगळं वळवळत होतं म्हणे. गिऱ्हाइकांनी कृष्णाबाईला शिव्या घातल्या, तिनं याला बाहेर काढला. आठ दिवस उपाशी कामावर गेला, इंजिनापाशीच चक्कर येऊन पडला. कारखान्यानं नाव कापलं. कागद न्हाय.

आणि मी त्याला पाण्याचा तांब्या न देता काय विचारलं ठाऊक हाय? "ती दिसायला कशी हाय?"

तो उंबऱ्यावरच बसला. तेवढ्यात सासू माझ्यावर तुटून पडली, "सटवे, असे कसे गं सुकवलेस?"

"केसरला बोल लावू नको, आई," तो म्हणाला. "बोटीत डब्यात पाणी शिरलं असंल."

दोन वर्षांनी रेवसला इंजिनाची होडी आली. डायवर उरणहून आणला. त्याच होडीवर अनंता जाळी ओढायचा.

तो कोळ्याचा पोर. पाणी शिरलेला बोंबील आणि ओला भरलेला बोंबील, त्याला काय वासावरून कळत न्हाय? पण मरेस्तोवर त्यानं मला एका शब्दानं विचारलं न्हाय. फक्त माझ्या हातचा सुका बोंबील पुन्हा कधी तोंडात घातला न्हाय.