फोटो मिळणार नाही

"तुला कशाला गं?" सर म्हणाले आणि माझ्या बाकावर आलेला झेरॉक्सचा कागद उचलून त्यांनी पुढच्या मुलाला दिला. "ही अवघड गणितं मेरिटवाल्यांना. तुम्ही सरकारचे जावई. पस्तीस मिळवा, सीट घरी चालत येईल."

वर्ग हसला. पोट धरून हसला. माझा डबा रोज निम्मा खाणारी शेजारची मुलगीसुद्धा हसली.

बारावीचं वर्ष. टिळक रोडमागच्या गल्लीतला गणिताचा क्लास. पहिल्या दिवशी सरांनी मला नाव विचारलंच नव्हतं. आडनाव विचारलं, मग "राहायला?" तेवढ्यात त्यांना कळायचं ते कळलं. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचं होतं. मलाही व्हायचं होतं. बाबा खडकीला दारूगोळा कारखान्यात. फी सगळ्यांइतकीच भरली होती. पण झेरॉक्स काढून घेतल्याच्या दिवसापासून अवघड गणितं वाटताना सर माझा बाक ओलांडून जाऊ लागले.

मी रडले नाही, असं सांगायला बरं वाटतं. रडले. सायकल चालवत वाकडेवाडीपर्यंत रडले. घरी बाबांना सगळं सांगितलं.

बाबा म्हणाले, "राखीव जागा आपला हक्क आहे. त्याची लाज बाळगायची नाही. पण हा माणूस तुझी गणितं चोरतोय."

चोरतोय. तो शब्द डोक्यात बसला.

दिवाळीत क्लास सोडला. बाबांबरोबर अप्पा बळवंत चौकात जाऊन जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या. सरांना मनात शिव्या घालत सोडवल्या. एकेक गणित सुटलं की त्यांचं तोंड डोळ्यांसमोर यायचं आणि मी पुढचं घ्यायचे. जिद्द वगैरे म्हणतात ती ही नव्हे. नुसता राग. रागावर फार चांगला अभ्यास होतो.

निकाल लागला. त्यांच्या अख्ख्या क्लासात गणितात माझ्यापुढे कुणी नव्हतं. सर पेढे घेऊन आमच्या वस्तीत, घरी हजर.

"अहो, मुलीनं नाव काढलं आमचं!" ते बाबांना म्हणाले. "हिचा एक फोटो द्या. पेपरात क्लासची जाहिरात देतोय."

बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला कशाला हो?" मी विचारलं. "फोटो मेरिटवाल्यांचे छापा. मी सरकारची जावई."

"अगं, गंमत केली होती ती."

"मग हसा ना आता."

ते हसले नाहीत. मी पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या हातात परत दिला आणि दार उघडून धरलं.

मी त्यांना माफ केलेलं नाही. करायचंही नाही. आज मी हिंजवडीत नोकरी करते आणि रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात बारावीचं गणित शिकवते. आधी सगळ्यात अवघड गणितं वाटते. शेवटच्या रांगेपासून.

त्यांच्या क्लासची जाहिरात अजून येते. दर निकालानंतर मी पेपर उघडून एकेक चेहरा बघते. विहारात शिकून पुढे गेलेलं आमच्या वस्तीतलं एकही पोर त्यात नसतं. मी जिवंत असेपर्यंत येऊ देणार नाही.