जर्नलमधलं ठरलेलं रीडिंग

आमच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल म्हणजे वर्षानुवर्षांचं नाटक. मागच्या बॅचची जर्नल आणायची, त्यातलं रीडिंग उतरवायचं, सही घ्यायची, मोकळं. परमँगनेटच्या टायट्रेशनचं, म्हणजे रंग टिकेपर्यंत किती परमँगनेट लागलं याचं, उत्तर दहा मिलिलिटर, हे पोरींना ब्युरेटची काचनळी हातात घेण्याआधीच पाठ. मला याची भयंकर चीड यायची. म्हणून मी सगळं उलटं केलं. धडा स्वयंपाकघरात, मोबाईल डब्याला टेकवून रेकॉर्ड करायची. मागे कुकरच्या शिट्ट्या. पोरी तो घरून पाहून येत, आणि कॉलेजातला तास हातानं करण्यात, चुकण्यात अन् भांडण्यात जाई.

गोंगाट व्हायचाच. तो प्राचार्यांच्या केबिनपर्यंत पोचला. वरून एका पोरीचे वडील तक्रार घेऊन आले. वाडीच्या गोदामात कामाला होते. "मॅडम, पोरगी माह्याच फोनवर तुमचा व्हिडिओ पाहून राहिली, अन् मालक मले फोन लावू लावू थकला. तुम्ही वर्गात काहून नाही शिकवत?"

फोनचं त्यांचं खरं होतं. मी व्हिडिओ लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर टाकले. पण प्राचार्यांना तेवढंच निमित्त हवं होतं. म्हणाले, सोमवारपासून नोट्स डिक्टेट करा, नाहीतर बारावीची बॅच दुसऱ्यांना देतो. ही बॅच मी घडवत आणली होती. मी हो म्हटलं नाही.

शनिवारी ते स्वतः लॅबमध्ये आले. एकेकाळी तेही केमिस्ट्रीच शिकवत. फळ्यावर सगळ्या गटांची रीडिंग होती, सगळी साडेअकराच्या आसपास.

"बघा, एकीचंही बरोबर नाही," ते म्हणाले. "हेच का तुमचं नवं शिकवणं?"

माझं डोकं सटकलं. "मग तुम्हीच करून दाखवा सर."

सरांनी बाह्या वर केल्या. पण ब्युरेटला हात लावून जमाना झाला होता. तोटी भसकन उघडली आणि फ्लास्क गर्द जांभळा झाला.

"सर, शेवटी थेंबथेंब सोडा," ती गोदामवाल्यांची पोरगी म्हणाली. "अन् फ्लास्कमधलं ॲसिड थंड झालं, ते गरम लागते."

सरांनी ॲसिड गरम करून दुसऱ्यांदा केलं. या वेळी फिकट गुलाबी रंग टिकला. रीडिंग साडेअकरा.

"परमँगनेट जुनं हाय सर," तीच पोरगी म्हणाली. "त्याचा जोर कमी झाला, म्हणून जास्त लागून राहिलं."

हे मी कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं. पोरींनी आपसात भांडून शोधलं होतं. मला भयंकर आनंद झाला.

सरांनी रुमालानं हात पुसले. "ठीक आहे. पण जर्नलमध्ये दहाच लिहा. परीक्षेत तेच चालतं."

"नाही लिहीत सर," ती म्हणाली. "मले साडेअकरा दिसलं."

मी तिला गप्प करीन म्हणून सर माझ्याकडे बघत राहिले. मी तिची जर्नल ओढली, साडेअकराच्या खाली सही केली आणि म्हटलं, "बॅच काढायची तर सोमवारी काढा सर. आजचा तास अजून बाकी आहे."

सोमवारीही मी नोट्स डिक्टेट केल्या नाहीत. माझा तास काढून घ्यायला कुणी आलं नाही.