सखूबाईंनी बंद केलेला काठ

दिवाळीआधीचा रविवार, १९८५. मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा हॉल. हजर: महिला मंडळाच्या अठरा जणी, अध्यक्षा विद्याताई, टोपल्या विणायला शिकवण्यासाठी शहापूरकडच्या पाड्यावरून आलेल्या सखूबाई, आणि ही यादी करणारी मी. त्या दिवसाची एक गोष्ट मात्र मी कुठेच लिहिली नाही, कुणाला सांगितली नाही. तुम्हाला सांगते.

काय मजा आली होती! भिजवलेली शिंदीची पाती हॉलभर पसरलेली, आणि कुणाचीच टोपली टोपलीसारखी दिसेना. कुणाची चपाती झाली, कुणाची टोपी. माझी मात्र जमत होती — मी ओळी मोजत होते ना! सखूबाई म्हणाल्या, “बाय, टोपली हाय ती, कपाट नाय. जरा सैल सोड.” सगळ्या खो खो हसल्या. मीही.

बूड झालं, भिंत चढली. अडलं ते काठाशी. वरची सुटी टोकं दुमडून एकमेकांत अडकवायची, नाहीतर वीण उसवते. तीनदा केलं, तीनदा सुटलं. सगळ्या चहाला गेल्या तेव्हा सखूबाईंनी माझी टोपली मांडीवर ओढली — दोन मिनिटांत काठ बंद.

विद्याताई परत आल्या आणि टोपली हातात नाचवत ओरडल्या, “अगं, एका दिवसात? काठासकट?”

आणि मी — मी मान हलवली. हसत. सखूबाई समोरच होत्या.

तेवढ्यावर थांबलं असतं तर? पण दर शनिवारचा वर्ग सखूबाई घेणार होत्या. मुंबईत शिकवायला बोलावलंय, असं पाडाभर सांगून आल्या होत्या. विद्याताई मला म्हणाल्या, “मग त्यांना एवढ्या लांबून कशाला दमवायचं? तूच शिकव की!” तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. सखूबाईंनी पिशवी उचलली आणि गाडीची वेळ विचारली.

आणि खरं सांगू? ते शनिवार फार आनंदात गेले. गाणी, चिवडा, एकमेकींच्या वाकड्या टोपल्यांची थट्टा. काठाची पाळी आली तेव्हा पाती संपली म्हणून मी वर्ग बंद केला. पाती संपली नव्हती.

चार वर्षं झाली. मंडळाच्या कपाटात अठरा टोपल्या आहेत, बिनकाठाच्या. विद्याताई परवाही विचारत होत्या, “काठ कधी शिकवतेस गं?” सखूबाईंना बोलवायचं आहे. का बोलवायचं, ते आधी विद्याताईंना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.